सीलबंद साय

रविवार, २७ एप्रिल २०२५ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, सात रस्त्याच्या मागच्या गल्लीतील एका दुमजली घराच्या स्वयंपाकघरात, आठवड्याचे तूप गाळून वजनकाट्यावर ठेवण्यात आले आणि ते तीनशे पंचवीस ग्रॅम भरले.

"तीनशे पंचवीस," देवयानीने आकडा मोठ्याने उच्चारला. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे, त्यामुळे तिने उच्चारलेला कोणताही आकडा फळ्यावर लिहिल्यासारखा वाटे. "फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी पाचशे साठ भरायचं. दूध तेवढंच, रोज दोन लिटर. भांडीसुद्धा तीच. बाबा, तुमचा हा विषय. तुम्हीच सांगा, तूप जातंय कुठं?"

बाबा म्हणजे तिचे सासरे, कमलाकर. वय एकाहत्तर, दुग्धतंत्र या विषयातील पदविकाधारक, सरकारी डेअरीच्या तपासणी विभागातून निवृत्त. सुनेने प्रश्न विचारला तेव्हा त्यांची नजर कढईच्या तळाशी होती. लोणी कढवून तूप गाळले, की तळाशी खरपूस, तांबूस, दाणेदार असा जो गाळ उरतो ती बेरी. गरम असतानाच तिच्यावर साखर भुरभुरावी आणि कोणी पाहण्याच्या आत संपवावी, हे कमलाकरांचे त्या पदार्थाविषयीचे परिपक्व मत होते. पण देवयानीने कढई उचलून ओट्याच्या पलीकडच्या टोकाला नेली.

"अनेक कारणं संभवतात," ते सावधपणे म्हणाले.

"कारण एकच आहे. कुंडलिक दुधात पाणी घालतो."

येथे मार्च महिन्यात काय घडले ते सांगणे आवश्यक आहे. घरातील चौघांची रक्ततपासणी झाली. अहवाल फारसे वाईट नव्हते. पण देवयानीला फारसे चांगले नसलेले सगळेच वाईट वाटे. तिने त्याच संध्याकाळी नियम केला: भातावर माणशी एक लहान चमचा तूप, आणि साय कोणीही, कोणत्याही निमित्ताने खायची नाही. साय विरजणात जाईल, विरजणाचे लोणी होईल, लोण्याचे तूप होईल आणि ते बरणीत राहील. तिचा नवरा अवधूत "बरोबर आहे" असे म्हणाला. सासूबाई, गोदावरी, "मला तशीही साय आवडत नाही" असे म्हणाल्या. तोवर भातावर हवे तेवढे तूप मिळे, म्हणून सायीकडे कोणी वळत नसे. कमलाकरांनी मान डोलावली, आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी नियम मोडला.

त्यांची पद्धत अभ्यासलेली होती. म्हशीचे दूध मंद आचेवर तापवून, जाळीखाली निवत ठेवून, नंतर फ्रिजमध्ये ठेवले, की त्यावर भाकरीएवढी जाड साय धरते. ती चमच्याने मधूनच उचलली तर खड्डा पडतो आणि खड्डा बोलतो. म्हणून कमलाकर पातळ सुरीने कडेची बोटभर रुंद पट्टी कापीत, ती अलगद उचलीत आणि उरलेली साय ओढून पुन्हा भांड्याच्या कडेला टेकवीत. जोड दिसत नसे. मग ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगांची चटणी, चटणीवर ती पट्टी. दुपारी अडीच वाजता सारे घर पंख्याखाली निपचित पडलेले असताना या एका घासासाठी ते दिवसाचे उरलेले तास सहन करीत.

त्यामुळे तुपात तूट येणार हे त्यांना ठाऊक होते. पण किती? त्यांनी तिथल्या तिथे मनात गणित मांडले. पट्टी साधारण वीस ग्रॅमची. त्यात निम्मी चरबी. म्हणजे रोज दहा ग्रॅम तूप, आठवड्याला सत्तर. तूट मात्र दोनशे पस्तीस ग्रॅमची होती.

उरलेले एकशे पासष्ट ग्रॅम त्यांनी खाल्ले नव्हते. असा प्रामाणिक संताप त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

इतक्यात फाटक वाजले. रविवारी शहर उशिरा उठते म्हणून कुंडलिकही उशिरा येई. चिंचोळीच्या अलीकडे त्याचे शेत आणि सहा पंढरपुरी म्हशी. तलवारीसारख्या लांब शिंगांच्या. बावीस वर्षे तो या घरी दूध घालीत होता.

"कुंडलिकभाऊ," देवयानी दारातच म्हणाली, "पुढच्या रविवारपासून दूध नको. आम्ही पिशवीचं सुरू करतोय."

कुंडलिकने मापटे कॅनवर ठेवले. "का वो ताई? काय चुकलं?"

"दूध पातळ येतंय. तूप निम्म्यावर आलंय."

"पातळ?" कुंडलिकने हा शब्द अनोळखी माणसाकडे पाहावे तसा उलटसुलट पाहिला. "ताई, माझ्या म्हशी दांडग्या हायती, पर नळाला तोंड लावून दूध देत न्हाईत. साहेब, तुमी तरी सांगा की! बावीस वरसं तुमी माझं दूध बोट बुडवून बगताय."

पिशवीतील टोन्ड दुधावर जी साय येते ती कमलाकरांना परिचित होती. सुरी लावण्याच्या योग्यतेची ती नसते, फुंकरीने सरकते. म्हणजे कुंडलिक गेला तर त्याची अब्रू जाणार होती आणि त्यांचा अडीचचा घासही. एकाच वेळी न्यायाने आणि जिभेने माणसाला एकाच बाजूला ओढावे, असा योग दुर्मीळ असतो.

"चाचणी करू," ते म्हणाले.

"बरोबर," देवयानी उत्साहाने म्हणाली. "बाबा तपासतील. ते जे सांगतील ते मला मान्य."

अशा प्रकारे चोराची तपासनीस म्हणून रीतसर नेमणूक झाली.

कमलाकरांनी कॅनमधील दूध पळीने तळापासून ढवळले, नमुना थर्मासमध्ये बर्फात ठेवला आणि स्कूटर काढली. चिंचोळी एमआयडीसीतील एका खासगी डेअरीच्या प्रयोगशाळेत त्यांचा जुना कनिष्ठ सहकारी सिद्धाप्पा अजून कामावर होता. डेअरीला रविवार नसतो.

"या री सर, या!" सिद्धाप्पा अक्कलकोटकडचा, मराठी बोलतानाही त्याच्या वाक्याला कानडी शेपूट असे. "स्वतः नमुना घेऊन आला? काय कोर्टाचं काम आहे का?"

"कोर्टाहून वरचं. सुनेचं."

सिद्धाप्पाने आणखी काही विचारले नाही. काचेच्या नळीत आम्ल, त्यावर दूध, त्यावर अल्कोहोल घालून त्याने नळी बंद केली, यंत्रात फिरवली आणि उजेडासमोर धरली. नळीच्या अरुंद मानेत चरबीचा पिवळसर स्तंभ स्वच्छ उभा राहिला होता.

"सात पॉइंट एक टक्के फॅट. पाणी नाही, एक थेंब नाही. कुठली म्हैस ही सर? आमच्या डेअरीला सांगा की." मग त्याने नळी खाली ठेवली आणि चष्म्यावरून पाहिले. "दूध असं असून तूप येत नाही म्हणता. मग तूप कुठं जातंय, सर?"

"तेच शोधतोय."

"शोधा, शोधा. आपल्या जुन्या लॅबमध्ये पण असंच व्हायचं. तुम्ही इन्चार्ज असताना श्रीखंडाचा नमुना तपासून परत कपाटात गेला, असं मी एकदाही बघितलं नाही री."

"चव ही सुद्धा चाचणीच असते, सिद्धाप्पा."

"व्हय सर. वाटी चाटून पुसून होणारी."

परतीच्या वाटेवर कमलाकरांना घाम फुटला होता, आणि तो केवळ बेचाळीस अंशांच्या उन्हामुळे नव्हता. खरा निकाल सांगितला तर संशय घरात शिरणार. घरात शिरला की पहिल्यांदा कोणाच्या पानापाशी थांबणार हे सांगायला पदविका लागत नव्हती. खोटा सांगितला तर कुंडलिक जाणार. आणि या दोहोंपलीकडे तो एकशे पासष्ट ग्रॅमचा प्रश्न दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखा टोचत होता. घरात आणखी कोणीतरी होते.

"सात पॉइंट एक," त्यांनी घरी येऊन जाहीर केले.

देवयानीने भुवया उंचावल्या. "मग तूप?"

"तूट प्रक्रियेत असू शकते. विरजण कमी आंबलं, तर लोणी ताकात राहतं. घुसळताना पाणी पुरेसं थंड नसलं, तर या दिवसांत लोणी धरतच नाही, भुगा होऊन वाहून जातं. आच मोठी असली तर बेरीतच तूप अडकतं. म्हणून संपूर्ण आठवड्याची नियंत्रित चाचणी घ्यायची. माझ्या देखरेखीखाली, सीलबंद."

"सील कशाला?" अवधूतने पेपरातून मान काढून विचारले. तो जवळच्याच सहकारी संस्थेत लेखनिक होता, दुपारी जेवायला घरी येई आणि सहसा पेपरातून मान काढीत नसे.

"सीलाशिवाय चाचणी म्हणजे गप्पा," कमलाकर म्हणाले. आणि तसे म्हणताना त्यांना जाणवले, की आपण स्वतःच्याच घासावर कुलूप घालीत आहोत.

पद्धत ठरली. कुंडलिकचे दूध तापवून, निववून फ्रिजमध्ये गेले की झाकणावरून कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायची आणि पट्टीवर कमलाकरांची सही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सर्वांसमक्ष सील फोडायचे, साय उचलून विरजणाच्या डब्यात घालायची, आणि डब्यालाही सील. सायीखालचे दूध चहाला आणि दह्याला मोकळे. शनिवारी रात्री डबा बाहेर काढायचा, म्हणजे रविवारपर्यंत साय चांगली आंबेल.

सोमवार शांततेत गेला. मंगळवारी सकाळी अवधूत वडिलांच्या खोलीत आला आणि त्याने विनाकारण खिडकी बंद करून पुन्हा उघडली.

"बाबा, मला अ‍ॅसिडिटी झालीये."

"थंड दूध पी."

"नुसत्या दुधानं नाही थांबत. त्यावरचं जरा... म्हणजे घट्ट काही असेल, तर आतून लेप बसतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"ऑफिसात म्हणतात."

"ऑफिसात सील आहे का?"

अवधूत गेला. कमलाकरांनी खुर्चीत पाठ टेकली. एक.

बुधवारी, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, गोदावरी आमरस ढवळत होत्या. त्या गोडव्याने म्हणाल्या, "अहो, देवाला नैवेद्य दाखवायचा. आमरसावर दोन चमचे साय घातली की देवाला बरं वाटतं."

"आजवर देवाला दुधातला आमरस चालत होता."

"देव बिचारा भिडस्त. बोलत नाही म्हणून काय त्याचं मन मारायचं?"

"अगं, तुला तर साय आवडत नाही."

"मला नाहीच आवडत! मी माझ्यासाठी मागतेय का?" असे म्हणून त्यांनी रवी जरा जास्तच जोराने भांड्यावर आपटली. कमलाकरांनी मनात दुसरी खूण केली, आणि बायकोच्या भक्तीकडे सत्तेचाळीस वर्षांत प्रथमच तपासनीसाच्या नजरेने पाहिले.

पण खरा धक्का गुरुवारी बसला. दुपारी चहाच्या वेळी देवयानी म्हणाली, "बाबा, उन्हानं चेहरा फार रापलाय. हळद आणि साय लावली तर बरं पडेल. दोनच चमचे हवेत."

"चेहऱ्याला एक चमचा पुरे होतो."

"हो, पण..."

"दुसरा कशाला?"

गणिताची शिक्षिका "राहू दे" म्हणाली आणि कप उचलून निघून गेली. कप अर्धा भरलेला होता.

कमलाकर थक्क झाले. नियम करणारीच! आणि तरीही कुंडलिकवरचा तिचा राग खोटा नव्हता. तो त्यांनी स्वतः पाहिला होता. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आले. तिलाही तिचा स्वतःचा वाटा ठाऊक होता. तो लहान होता. तूट मोठी होती. उरलेली तूट पाहून तिला आला तो संताप त्यांच्याइतकाच प्रामाणिक होता. या घरात प्रत्येक जण चोर होता, आणि प्रत्येकाला मनापासून वाटत होते, की आपण तर एवढीशीच घेतो. बाकीची नक्की त्या दूधवाल्याने मारली.

त्याच दिवशी अडीच वाजता त्यांची स्वतःची परीक्षा झाली होती, हेही नमूद केले पाहिजे. हातात कडक भाकरी, भाकरीवर चटणी, आणि समोर उघडा फ्रिज. झाकणावरच्या पट्टीवर त्यांचीच सही होती. फिरकीदार, खाली दोन टिंबे असलेली, हजारो नमुन्यांवर केलेली सही. ती मोडण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. फ्रिज लावताना त्यांना दिसले, की पट्टीचे एक टोक सुटलेले आहे आणि सहीतील दोन टिंबांपैकी एक ओघळले आहे. कोणीतरी वाफेवर धरून डिंक सोडवायचा प्रयत्न केला होता. पट्टी फाटेल या भीतीने अर्ध्यावर सोडला होता. त्यांनी सही गिरवली, टोक चिकटवले आणि कोरडी भाकरी चावत खोलीत गेले.

रविवार, ४ मे रोजी कुंडलिक ठरल्याप्रमाणे हजर झाला. धुतलेला सदरा घालून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आरोपीसारखा बसला. "मी हलत न्हाय हितनं. काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांम्होरं होऊ दे."

कमलाकरांनी डब्याचे सील फोडले. आंबलेल्या सायीचा तो गोडसर, किंचित कडवट वास पसरला आणि चार जणांनी एकदमच आवंढा गिळला. बर्फाचे पाणी घालून त्यांनी रवी फिरवली. आधी फेस, मग दाटपणा, मग रवीचा आवाज बदलला आणि पांढरेशुभ्र लोणी गोळा होऊन वर आले. ताक गोदावरींनी कढीसाठी बाजूला घेतले. लोणी तीनदा गार पाण्यातून धुऊन कढईत गेले. मंद आचेवर ते वितळले, कढले, तडतडले. तडतड थांबून फेस विरळ झाल्यावर कमलाकरांनी विड्याचे एक पान आत सोडले आणि ते कुरकुरीत होताच गॅस बंद केला. गाळलेले तूप काट्यावर चढले.

"पाचशे साठ," देवयानीने वाचले. तिचा आवाज फळ्यावरचा राहिला नव्हता.

कुंडलिक उठून उभा राहिला. "किती म्हनला ताई? आनी एकदा म्हना की."

"पाचशे साठ."

"आनी दूध कुनाचं?"

गोदावरींनी ताकाचे भांडे विनाकारण झाकले.

"दूध माझंच, म्हशी त्याच, बदललं काय? ती कागदाची पट्टी." कुंडलिकने चौघांच्या तोंडांवरून नजर फिरवली आणि त्याच्या मिशा हलू लागल्या. "म्हंजे बोका घरातलाच व्हय! साहेब, तुमी तपासनी केली. आता नाव बी तुमीच सांगा."

कमलाकरांपुढे अजूनही पळवाट होती. विरजण, पाणी, आच यांची नावे घेतली असती तर सून मुकाट्याने मान्य करणार होती; तिचाही जीव भांड्यातच पडला असता. पण मग बावीस वर्षांच्या दुधावर 'कदाचित' हा शब्द कायमचा तरंगत राहिला असता. त्यांनी घसा खाकरला.

"तूट दोनशे पस्तीस ग्रॅम होती. त्यापैकी सत्तर माझे."

"अहो!" गोदावरी म्हणाल्या.

"कडक भाकरीबरोबर. रोज. राहिले एकशे पासष्ट. ते कोणाचे, हे मला ठाऊक आहे. पण ज्यानं त्यानं स्वतः सांगावं."

मग अवधूतने वर्गात करतात तसे बोट वर केले. "रात्री जेवल्यावर, पाणी प्यायला म्हणून. दोन चमचे."

"तरीच तुला रात्री तहान फार!" देवयानी उसळली.

"माझी आपली एवढीशी," गोदावरी पदराशी चाळा करीत म्हणाल्या. "बोटावर येईल तेवढी. सकाळी देवपूजेआधी."

"पूजेआधी?" कमलाकर म्हणाले.

"नंतर घेतली तर देवासमोर खोटं पडतं."

सगळ्यांच्या नजरा मग आपोआप एकाच दिशेला वळल्या. देवयानीने स्वच्छ ओटा पुन्हा पुसला.

"मी आंबटपणा बघत होते. विरजण नीट लागलंय की नाही, ते चाखल्याशिवाय कळत नाही."

"साखर घालून?" अवधूतने विचारले. "गेल्या महिन्यात डब्याच्या कडेला साखर होती."

"तू डब्यापाशी काय करत होतास?"

कुंडलिक खाली बसला होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांना पाणी आले होते आणि ते तो धुतलेल्या सदऱ्याच्या बाहीने पुसत होता. "आन मी आट दिस झोपलो न्हाय वो! म्हशींस्नी विचारत बसलो, बायांनो, कुनी पानी पिऊन आली का म्हनून!"

देवयानीही हसू लागली होती; आता तिचे हसू थांबले. मग तिने कढई ओढली, तळाची सगळी बेरी एका वाटीत खरवडून घेतली, वर दोन चमचे साखर घातली, आणखी अर्धा चमचा ताजे तूप सोडले आणि वाटी दोन्ही हातांनी कुंडलिकपुढे धरली.

"कुंडलिकभाऊ, चुकलं माझं. हे घ्या."

"ऱ्हाऊ दे की ताई. साहेबांना द्या, त्यांचा जीव हाय त्याच्यात."

"साहेबांना शिक्षा आहे. आम्हा सगळ्यांनाच आहे."

कुंडलिकने घेतली. तो घाईत नव्हता. प्रत्येक चिमूट तो जिभेवर ठेवी, डोळे मिटी आणि "लई भारी" असे म्हणून पुढची घेई. समोर चौघे जण रांगेत उभे राहून पाहत होते. शेवटी त्याने वाटी बोटाने पुसली, बोट चाटले आणि रिकामी वाटी कमलाकरांच्या हातात दिली. त्यांनी ती नकळत नाकापाशी नेली.

त्या दुपारी जेवताना कढीबरोबर नियमाची फेरतपासणी झाली. देवयानीने शेवटी असे ठरवले, की चोरून खाल्लेल्या सायीचा कोणालाच हिशोब राहत नाही, म्हणून ती उघड खावी: माणशी एक चमचा, दुपारी अडीच वाजता, सर्वांनी एकत्र बसून. भाकरी आणि चटणी कमलाकरांनी आणायची. रविवारचे तूप मात्र साडेपाचशेच्या खाली येता कामा नये.

"हे दोन लिटरमध्ये बसणार नाही," अवधूत म्हणाला.

देवयानीने गणित केले आणि कुंडलिकला फोन लावला.

सोमवार, ५ मेपासूनचा रतीब: अडीच लिटर.